रांगेतली शेवटची कुपी

४ मार्च

दादा,

बरणी मिळाली. चिठ्ठी नाही, निरोप नाही, पाठवणाऱ्याचं नाव नाही. कॉफीची जुनी बरणी, तिला दोऱ्याचे सात फेरे, आणि आत पाल्याची पूड. दोरा बघितला आणि ओळखलं. सात फेरे मारून वर दोन गाठी मारणारा एकच माणूस मला माहीत आहे, आणि तो अडीच वर्षं माझा फोन उचलत नाही.

आमच्या टपाल घेणाऱ्या बाईंनी ती दोन बोटांत धरून टेबलावर आणून ठेवली. "मॅडम, कोणीतरी कॉफी पाठवलीय तुम्हाला." मी म्हटलं, हो, भावाने. दुसरं काय सांगणार होते? ही प्रयोगशाळा आहे, दादा. इथे नमुना द्यायचा तर अर्ज लागतो, सीलबंद पिशवी लागते, आमचा माणूस स्वतः येऊन पूड काढून नेतो. तीस वर्षं तू औषधवाल्यांना पाला पुरवलास. तुला हे मी शिकवायचं?

आणि लेबलवर काय, तर नुसता बॅचचा नंबर. एकशे सतरा. बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. मी नापास केलेली बॅच ती हीच. तिची पूड तू एवढे दिवस घरात सांभाळून ठेवलीस? लोक फोटो सांभाळतात, कपडे सांभाळतात. तू भांडण सांभाळलंस.

काल वहिनीचा फोन आला होता. तिच्यावर ओरडू नकोस, बिचारी बाथरूममध्ये नळ सोडून कुजबुजत बोलत होती. म्हणाली, एकतीस तारखेपर्यंत सगळी झुडपं उपटून जमीन लाकूडवाल्याला द्यायची ठरवलीय तू. तिथे तो ओंडके रचणार. मला आधी वाटलं, ती वाढवून सांगतेय. मग आज ही बरणी आली.

आईबाबांनी लावलेली झुडपं आहेत ती. लावल्यावर पाच वर्षं नुसती पाणी पितात आणि मग कुठे पहिला कामाचा पाला देतात. आणि तू ती उपटणार, का, तर बहिणीने एक आकडा लिहिला. मला कळत नाही असं समजू नकोस. माझा रिपोर्ट बघून औषधवाल्यांनी तुझा पाला घेणं बंद केलं, मान्य. पण मी काय करायला हवं होतं? पाल्यात ते औषधी कडू द्रव्य किमान एक पूर्णांक आठ टक्के पाहिजे. तुझ्यात निघालं एक पूर्णांक पाच. भावाचा आहे म्हणून तीन दशांश वाढवून लिहू?

ही बरणी मी तपासणार नाही. फोन उचल. नाहीतर कागदावर लिही. वहिनी म्हणते, तू फोन उचलत नाहीस, पण कागद हातात पडला की सामानाच्या पुडीचासुद्धा वाचून काढतोस. म्हणून हा कागद.

तुझी बहीण


९ मार्च

दादा,

तू आता अति करतोयस. पत्राला उत्तर पत्राने देतात, दुसऱ्या बरणीने नाही. तीच पूड, तोच नंबर, तेच सात फेरे. टपालवाल्या बाई आता हसतात. "मॅडम, तुमच्याकडे कॉफीचा पाऊस पडतोय." उद्या तिसरी आली तर मी सरळ परत पाठवीन, सांगून ठेवते.

तुला नेमकं काय डाचतंय? त्या दिवशी तू आमच्या पॅसेजमध्ये येऊन केवढा तमाशा केलास! खिशातून वाळलेलं पान काढलंस आणि दहा माणसांदेखत माझ्यासमोर धरलंस, "चाखून बघ." मी म्हटलं, दादा, जीभ म्हणजे मशिन नव्हे. तर म्हणालास, "मग आजपासून मशिनलाच भाऊ म्हण." आणि गेलास. अडीच वर्षं झाली त्याला. माणूस रागावतो, मान्य आहे, पण रागालाही काही मुदत असते की नाही?

बाबा पान दाताखाली धरून डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "झालं, उद्या काढा." तुझ्याकडे त्यांची जीभ आली, हे सगळं घर म्हणतं. मला तराजू दिला म्हणे. लहानपणी दोन वाट्या समोर ठेवून मी थेंब थेंब सारखा करत बसायचे, आणि तू मला तराजूबाई म्हणायचास. पण औषधवाले जिभेवर पाला घेत नाहीत रे! त्यांना कागद लागतो.

तो कागद कसा तयार होतो, हे तू एकदा तरी विचारलंस? ऐक. पूड तोलायची, अल्कोहोलमध्ये घुसळायची, गाळायची आणि बोटाच्या पेराएवढ्या काचेच्या कुपीत भरायची. अशा कुप्या ट्रेमध्ये रांगेने लावायच्या. मशिन एकेका कुपीतून सुईने थेंबभर रस उचलतं आणि पोलादाच्या घट्ट भरलेल्या नळीतून जोराने ढकलतं. पाल्यात पन्नास गोष्टी असतात. कोणी नळीत रेंगाळतं, कोणी धावत सुटतं. आपलं कडू द्रव्य अकराव्या मिनिटाला बाहेर पडतं, रोज, न चुकता, आणि कागदावर त्याचा डोंगर उमटतो. शेजारी शुद्ध द्रव्याचा डोंगर असतो, त्याला आम्ही मानक म्हणतो. दोन्ही डोंगर ताडून बघायचे, की टक्केवारी मिळते. यात कुठे लबाडीला जागा आहे, दाखव मला.

आणि ऐकायचंच असेल तर हेही ऐक. त्या वेळी आठ जणांचा पाला आला होता. प्रत्येकाच्या तीन कुप्या, प्रत्येक कुपी दोनदा, एका खेपेला अर्धा तास. पुरा एक दिवस मशिन चालू होतं, दुपारी एकपासून दुसऱ्या दिवशी दुपारी एकपर्यंत. रांग मी लावली. तुझ्या कुप्या मी सगळ्यांत शेवटी ठेवल्या. मुद्दाम. भावाला पुढे घेतलं, असं कोणाच्या तोंडून यायला नको म्हणून. इतकी मी काटेकोर वागले, आणि तू मला मशिनची बहीण म्हणतोस.

बरण्या कपाटात आहेत. तपासणार नाही म्हणजे नाही.

बहीण


१४ मार्च

दादा,

तपासली.

मला माहीत होतं मी तपासणार. तुलाही माहीत होतं, म्हणून तर पाठवत बसलास. साहेबांना म्हटलं, मशिनची नळी नवी बसवलीय, जुन्या पुडीवर चालवून बघते. त्यांनी मान डोलावली. सकाळी पहिल्यांदा तुझीच कुपी लावली, चहा घेऊन आले, तोवर आकडा तयार होता.

दोन पूर्णांक शून्य.

दादा, मला इतका संताप आला, इतका, की कपाटाचं दार आपटलं आणि त्याची काच तडकली. तू मला मूर्ख समजतोस? जुना नंबर चिकटवून नवीन चांगला पाला भरून पाठवलास! तीस वर्षं बाबांच्या नावावर धंदा केलास, आणि आता ही थेरं? चांगला पाला होता तर तो रीतसर अर्ज करून का नाही दिलास? बहिणीला खोटं पाडायचं एवढंच सुचलं तुला?

तेव्हा रिपोर्टात मी शेरा लिहिला होता, "पाला एकसारखा वाळवलेला नाही." वहिनी म्हणते, आकड्यापेक्षा तुला तो शेराच जास्त लागला. लागू दे. तुझ्या सहा आकड्यांमध्ये एवढा फरक होता, की दुसरं काय लिहिणार? वाळवणात तू आळस केलास, आणि आता त्यावर लबाडीचा थर चढवलास.

मला यापुढे काही पाठवू नकोस.


१७ मार्च

पट्टी मिळाली.

पाकिटात दुसरं काही नाही, नुसती फाटलेली कागदी पट्टी. त्या वेळी आमचा माणूस तुझ्याकडे येऊन नमुना घेऊन गेला, आणि उरलेली पूड डब्यात घालून त्यावर ही पट्टी चिकटवून गेला. सही त्याचीच, तारीख तीच. नमुन्याच्या पिशवीवरचा अर्धा तुकडा आमच्या फायलीत आहे. मी दोन्ही तुकडे टेबलावर जोडून बघितले. रेष रेषेला मिळाली.

म्हणजे पूड तीच. म्हणजे तू लबाड नाहीस. आधीच्या पत्रातला तो शब्द मागे घेते. कपाटाची काच माझ्याच खर्चाने बसवली, तेही सांगते.

पण मग हे काय गौडबंगाल आहे? अडीच वर्षं पडून राहिलेल्या पुडीत कडू द्रव्य वाढलं कसं? ते कमी होतं, दादा. काहीही केलं तरी वाढत नाही. कालपासून हेच डोक्यात आहे, आणि घरात सगळे माझ्यापासून चार हात लांब राहतायत.

तू दोन ओळी लिहिल्या असत्यास तर हात झडला असता का?


२० मार्च

दादा,

हे पत्र सावकाश वाच. वहिनीलाही वाचू दे.

पट्टी जुळल्यावर मला वाटलं, मशिनच बिघडलंय. तेच बरं वाटलं असतं, खोटं कशाला बोलू? परवा दुपारी माझी शेजारीण, म्हणजे ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसते ती, तिच्या कामाची मोठी रांग लावत होती. आम्ही दोघी एकाच मशिनवर आहोत. तिला म्हटलं, माझी एक कुपी घे, रांगेच्या सुरुवातीला एकदा तपास आणि अगदी शेवटी परत एकदा. मशिन थाऱ्यावर असेल तर दोन्ही आकडे सारखे येतील. ती म्हणाली, "एवढं कसलं आहे त्या कॉफीत?"

परवा दुपारी बारा वाजता, दोन पूर्णांक शून्य. काल दुपारी बारा वाजता, एक पूर्णांक पाच.

एकच कुपी, दादा. तोच रस. मानकाचे आकडे दोन्ही वेळा चोख, म्हणजे मशिनला दोष नाही. आणि काल आपल्या डोंगराच्या पायथ्याशी एक बारकी टेकडी उगवलेली, जी परवा नव्हती.

मी मशिनसमोर उभी होते, आणि माझ्या हातावर ऊन पडलं होतं. ती खिडकी पूर्वेची आहे. सकाळपासून दुपारपर्यंत उन्हाचा पट्टा बरोबर ट्रेवरून सरकत जातो. ट्रेचं झाकण पारदर्शक, माझी कुपी साध्या पांढऱ्या काचेची, मानकाची तेवढी तपकिरी. हे द्रव्य उजेडात मोडतं आणि मोडलेल्याची वेगळी टेकडी उमटते, हे मला माहीत आहे. विद्यार्थी आले की मीच त्यांना सांगते, तपकिरी कुप्या वापरा. पण अडीच वर्षांपूर्वी त्या आठवड्यात तपकिरी कुप्या संपल्या होत्या. चारच उरल्या होत्या. त्या मी मानकाला दिल्या. म्हणून मानक शेवटपर्यंत ठणठणीत राहिलं, आणि मी म्हटलं, वा, सगळं ठीक आहे.

जुनी फाईल काढली. रिपोर्टात आकडे पुरवठादारांच्या नंबराने होते, त्यामुळे तेव्हा काही दिसलंच नव्हतं. काल मी ते रांगेच्या क्रमाने लिहून काढले. पहिल्या पाचांना काही झालं नाही, त्यांचं काम उजाडायच्या आत उरकलं. सहाव्याचा आकडा जरा उतरलेला. सातवा काठावर पास. आठवा तू. तुझ्या वाट्याला सकाळचं सगळं ऊन आलं. तुझे सहाच्या सहा आकडे जिना उतरावा तसे खाली आलेत, एक पूर्णांक सातपासून एक पूर्णांक तीनपर्यंत. मी काय केलं? सरासरी काढली आणि शेरा मारला, पाला एकसारखा वाळवलेला नाही.

म्हणजे बघ, मी तुला शेवटी ठेवलं नसतं तर तू पास होतास. कोणी बोट दाखवू नये म्हणून शेवटी ठेवलं. माझी शान! दुसऱ्या कोणाचा पाला असता तर मी विचारही न करता मध्ये कुठेतरी लावला असता.

तुझी जीभ बरोबर होती. लिहिलं. आता हे पत्र फ्रेम करून शेडमध्ये लाव.

मला स्वतःचा इतका राग आलाय की कोणावर काढू कळत नाही. तुझ्यावरही थोडा काढते. त्या दिवशी पान नाचवण्याऐवजी "परत एकदा तपास" एवढे तीन शब्द म्हणाला असतास तर! पण नाही. तुला चाखायलाच लावायचं होतं.

उपटायचं थांबव. साहेबांना सांगायचं बघते. सोपं नाही ते. एकवीस वर्षांत माझा एकही रिपोर्ट मागे घ्यावा लागलेला नाही. एक-दोन दिवस दे.

तुझी बहीण


२४ मार्च

दादा,

पोतं आज सकाळी आलं. टपालवाल्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी ते जमिनीवरूनच ओढत आणलं, कारण एका टोकाने माती सांडत होती.

अख्खं झुडूप. मुळासकट. खोडाला बाबांनी बांधलेली पत्र्याची चकती अजून आहे, ओळ पहिली, झाड पहिलं. मुळं ओली होती.

मी "बघते" लिहिलं, त्याचं हे उत्तर, कळलं मला. दादा, मी त्या मातीच्या ढिगाशेजारी खाली बसले आणि रडले, ऑफिसात, सगळ्यांसमोर. मग वहिनीला फोन लावला. म्हणाली, दोन ओळी गेल्या, बावीस झाडं. तू पहाटेपासून पहार घेऊन एकटाच खपतोयस, आणि जेवायला हाक मारली तर ओ देत नाहीस.

मी तशीच, हाताला माती, साहेबांच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं. रांग मी लावली, कुप्या मी निवडल्या, शेरा मी लिहिला. त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "हे तुम्हाला कधी कळलं?" मी म्हटलं, एकोणीस तारखेला. "आज चोवीस आहे, बाई." दादा, त्यांनी आवाजही चढवला नाही. मला ओरडून घ्यायचं होतं. गेल्या पाच दिवसांत मी रोज त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत येत होते, कधी त्यांच्याकडे माणसं होती म्हणून, कधी ते फोनवर होते म्हणून. आणि तू तिकडे उपटत होतास. बावीस झाडांपैकी किती माझ्या त्या पाच दिवसांची आहेत, ते तू मला सांगू नकोस.

आता ऐक. तो रिपोर्ट आज मागे घेतला. औषधवाल्यांना पत्र गेलं, त्याची नक्कल सोबत आहे, सही-शिक्क्यासह. तुला कागदच लागतो ना, हा घे कागद. आठही जणांचा पाला पुन्हा तपासायचा आहे. आमचा माणूस परवा तुझ्याकडे येईल, उभ्या झाडांचा ताजा वाळवलेला पाला घेईल. उभ्या झाडांचा, दादा. काम शेजारीण करेल. मला या कामाला हात लावायची बंदी आहे, आणि ती योग्यच आहे.

पहार खाली ठेव. हात जोडते.


३१ मार्च

दादा,

वहिनीने सांगितलं, माझं पत्र तू उभ्याउभ्या वाचलंस, पहार शेडमध्ये टेकवलीस आणि लाकूडवाल्याला निरोप धाडलास की जमीन मिळणार नाही. त्यानंतर दोन वेळचं एकदम जेवलास. हे मला वहिनीकडून कळावं? असो. सवय झालीय.

तुझा नमुना आला. सील आमच्या माणसाचं, पण त्यावर तू स्वतःचा उद्योग केलेलाच. काळ्या कागदात तीनदा गुंडाळलेला, वर सात फेरे, आणि कागदावर खडूने, अडीच वर्षांत पहिल्यांदा, तुझ्या अक्षरात: "तराजूबाई, ही आधी लाव."

मी तो कागद घेऊन शेजारणीकडे गेले. ती म्हणाली, "नाही जमणार. साहेबांचा नवा नियम आहे, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा." ती खरंच चिठ्ठ्या घेऊन बसली होती. तुझ्या खडूच्या अक्षरांसाठी मी तिच्याशी भांडले. नियमाविरुद्ध भांडले, दादा, मी! तिने ऐकलं नाही. बरं केलं. तिने आठ चिठ्ठ्या उचलल्या.

तू परत शेवटचा आलास.

कालची दुपार ते आजची दुपार मी माझ्या टेबलावर बसून एकही काम धड केलं नाही. सकाळी उन्हाचा पट्टा ट्रेवरून सरकला तेव्हा मी उठून बघून आले. सगळ्या कुप्या तपकिरी होत्या. खिडकीला पडदाही लागला होता. बारा वाजून दहा मिनिटांनी शेजारीण कागद घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवून गेली.

शेवटून पहिला तू. दोन पूर्णांक एक. सहाच्या सहा आकडे सारखे. शेऱ्याच्या रकान्यात तिने लिहिलंय, "वाळवण उत्तम." तसं लिहायला मी तिला सांगितलं नव्हतं.

ते झुडूप मी फेकलं नाही. मुळाला ओलं पोतं गुंडाळून घराच्या मागच्या बाजूला सावलीत ठेवलंय. काल त्याला एक कोंब दिसला, नखाएवढा. वहिनी म्हणते, बाकीची एकवीस तूही बांधावर ओल्या मातीत झाकून ठेवलीयस. म्हणजे उपटतानाच ठेवली होतीस ना? आणि मला रडवलंस. तुझ्यासारखा हट्टी माणूस मी बघितला नाही.

रविवारी सकाळी येते, झाड घेऊन. त्या दोन ओळींचे बावीस खड्डे खणून ठेव. दीड हात खोल, तीन हातांच्या अंतरावर, दोरी लावून सरळ. अंदाजपंचे नको.

मी मोजणार आहे.

तराजूबाई